आधी बायोस उघडा!

'डिस्क गेलीय, नवीन टाकावी लागेल.' लॅपटॉप दुरुस्तीच्या काउंटरवर हे वाक्य फार स्वस्त झालंय. विंडोज नव्याने टाकायला घ्यायचं, पेनड्राइव्ह लावायचा, दोन-तीनदा 'नेक्स्ट' दाबायचं आणि डिस्क निवडायच्या पडद्यावर यादी रिकामी दिसली की निदान तयार. एवढ्याशा तपासावर गिऱ्हाइकाकडून नव्या एसएसडीचे पैसे घेतले जातात. जुन्या एसएसडीवरचे लग्नाचे फोटो, अर्धा लिहिलेला प्रबंध, दुकानाचा हिशेब हे सगळं 'गेलं' म्हणून सांगितलं जातं.

पुष्कळदा ती डिस्क ठणठणीत असते.

घोळ आहे तो व्हीएमडी नावाच्या सोयीत. इंटेलने ही मूळ सर्व्हरसाठी काढली. एकाच यंत्रात अनेक एनव्हीएमई डिस्क असतात, त्या एकत्र जोडून त्यांचं रेड करायचं असतं, यंत्र बंद न करता डिस्क बदलायची असते. तिथे ती कामाची. २०२०च्या अखेरीस आलेल्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरांपासून ती लॅपटॉपमध्येही आली आणि कित्येक कंपन्यांनी ती बायोसमध्ये चालू ठेवूनच लॅपटॉप विकले. डिस्क एकच, रेडचा संबंध नाही, तरीही. व्हीएमडी चालू असलं की डिस्क थेट दिसत नाही, इंटेलच्या आरएसटी ड्रायव्हरमार्फतच दिसते. कारखान्यातून आलेल्या विंडोजमध्ये तो ड्रायव्हर असतो. आपण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवून घेतलेल्या पेनड्राइव्हमध्ये मात्र तो बऱ्याचदा नसतो. म्हणून यादी रिकामी.

आणि विंडोज हे लपवत नाही, हे मला जास्त खटकतं. पडद्यावर दोन वाक्यं असतात. पहिलं, डिस्क सापडली नाही. दुसरं, स्टोरेज ड्रायव्हरसाठी 'लोड ड्रायव्हर' दाबा. दुरुस्ती करणारा माणूस पहिलं वाक्य वाचतो आणि दुसऱ्या वाक्याचे पैसे आपण भरतो. ज्याचा हा रोजचा धंदा आहे त्याने समोरची दोन वाक्यं पूर्ण वाचावीत, ही अपेक्षा जास्तीची नाही.

पण दोष एकट्या दुकानदाराचा नाही. उबुंटूचा इन्स्टॉलर अशा लॅपटॉपवर अडतो तेव्हा आरएसटी चालू आहे, ते आधी बंद करा, असं नाव घेऊन सांगतो. फुकट मिळणाऱ्या प्रणालीला जे जमतं ते पैसे घेणाऱ्या विंडोजला जमायलाच हवं. इंटेलचंही तेच. हा ड्रायव्हर तिच्या साइटवर 'सेटअपआरएसटी' नावाच्या एक्झी फाइलमध्ये बांधून ठेवलेला आहे. ती फाइल नुसती पेनड्राइव्हवर टाकून भागत नाही. दुसऱ्या विंडोज संगणकावर कमांड देऊन आतला ड्रायव्हर वेगळा काढावा लागतो. ज्याच्या घरातला एकुलता एक लॅपटॉप बंद पडलाय त्याने हा दुसरा संगणक आणायचा कुठून? सुटा ड्रायव्हर एका साध्या झिप फाइलमध्ये ठेवायला काहीच अडचण नव्हती. लॅपटॉप कंपन्यांच्या सपोर्टच्या पानावर मॉडेलचं नाव घातलं तर तो कधी कधी बऱ्या रूपात मिळतो. आधी तिथे शोधावं.

दुसरा उपाय बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करण्याचा. डिस्क कोरीच असेल किंवा तिच्यावरचं सगळं दुसरीकडे नीट ठेवलेलं असेल तर हा सर्वांत झटपट. पण जुनं विंडोज आणि जुना डेटा अजून डिस्कवर असेल तर थांबा. हा खटका हलवला की जुनं विंडोज निळा पडदा दाखवून सुरू होण्याचं नाकारू शकतं. घाबरू नका, खटका पूर्ववत केला की ते बहुधा परत उठतं. मात्र बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागतं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ती की त्याच खात्यात ठेवलेली असते. खटक्याला हात लावण्याआधी ती कागदावर उतरवून घ्या. ती हरवली तर त्या डिस्कवरचा डेटा कोणताही तंत्रज्ञ परत देऊ शकत नाही.

विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे तीन-चार वर्षांचे चांगले लॅपटॉप नव्या विंडोजसाठी दुकानात जातायत आणि त्यांतले बरेच याच पिढ्यांचे आहेत. म्हणून काउंटरवर उभं राहून तीन गोष्टी मागा. बायोस माझ्यासमोर उघडा आणि डिस्कचं नाव, क्षमता तिथे दिसते का ते दाखवा. दिसत असेल तर ड्रायव्हर घालून पुन्हा प्रयत्न करा. दिसत नसेल तर डिस्क काढून, खाचेत नीट बसवून पुन्हा पाहा. तेव्हाही दिसली नाही तरच नव्या डिस्कचं बोला. हे सगळं मागायला इंजिनिअर असावं लागत नाही. पैसे आपले आहेत, आणि फोटोही.

एवढं करूनही नवी डिस्क बसवावी लागली तर जुनी दुकानात सोडू नका. एनव्हीएमई डिस्कची यूएसबी केसिंग बाजारात मिळते. तिच्यात ती डिस्क घालून दुसऱ्या संगणकाला लावा. व्हीएमडी त्या लॅपटॉपातच राहिलेलं असतं, त्यामुळे इथे ते आड येत नाही. बिटलॉकर असेल तर तेवढी ती की द्यावी लागेल. फोल्डर उघडले, तर बिल घेऊन त्याच काउंटरवर परत जा.