रोजच्या साडेदहा क्षमा

राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेऊन घरी आलो आणि जाहीर केलं, "यंदा उपवासकाळात मी मटण सोडणार नाही. राग सोडणार."

"मटणच सोड," बायको म्हणाली. "झेपेल तेवढंच बोलावं."

आम्ही वसईचे. इथे सोळाव्या शतकापासून चर्चच्या घंटा वाजतायत. क्षमा, नम्रता, सहनशीलता हे शब्द इतक्या पिढ्या ऐकून आमचे कान चांगले घट्ट झालेत. कुंपणापलीकडे पडलेल्या नारळावरून दोन पिढ्या अबोला धरलेली घरं मिस्सात शांतीच्या अभिवादनाला मात्र वळून एकमेकांना हात जोडतात. बाहेर आल्यावर नारळ पुन्हा ज्याचा त्याचा.

तर राग. पेत्राने येशूला विचारलं होतं, भावाला किती वेळा क्षमा करायची, सातदा पुरे का? उत्तर मिळालं, सातदा नव्हे, साताच्या सत्तरपट. पेत्राने गुणाकार केला की नाही कोण जाणे, मी केला. 490. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस. (उपवासात रविवार धरत नाहीत, पण माणसं रविवारीही भेटतातच.) म्हणजे रोजच्या साधारण साडेदहा. खिशात छोटी वही ठेवली.

विरार लोकलमध्ये एवढा कोटा भाईंदरच्या आत संपतो. तिघांच्या बाकावर मी चौथा, म्हणजे एक तृतीयांश देह बाकावर आणि उरलेला श्रद्धेवर. "जरा सरकता का?" असं विचारल्यावर खिडकीशी बसलेले गृहस्थ अर्धा इंच सरकले आणि फूटभर उसासा टाकला. क्षमा. मीरा रोडला एकाने माझ्या पायावर बूट ठेवला आणि वर मलाच सुनावलं, "पाय आत घ्या की!" हा एक गुन्हा की दोन? मी दोन धरले. संध्याकाळी परतताना विरार फास्टमध्ये शिरून बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याचं काय करायचं, याबद्दल मात्र शुभवर्तमानात स्पष्ट काही सापडत नाही.

नवव्या दिवशी वही बायकोच्या हाती लागली. ती रविवारी मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, त्यामुळे घरात शास्त्राधार तिच्याकडे.

"212? हे सगळे मिळून?"

"हो. 278 शिल्लक."

"अरे, ते एकेका माणसाला 490 आहे. अख्ख्या लोकलला मिळून नाही!" तिने पानं उलटली. "आणि पाच पानं माझ्याच नावावर?"

मग तिने पौलाला मध्ये घेतलं. करिंथकरांना त्याने बजावलंय म्हणे, प्रीती असला हिशेब ठेवत नाही. वही जप्त झाली. उरलेल्या पानांवर आता दुधाचा हिशेब असतो.

मी नम्रतेकडे वळलो, तिला वही लागत नाही. पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभूने शिष्यांचे धुतले त्या आठवणीत. यंदा आपला नंबर लागणार अशी कुणकुण मला लागली होती. सोमवारपासून वजरीने टाचा घासायला घेतल्या. नखं कापली. रात्री खोबरेल लावून झोपलो. बुधवारी माझे पाय असे दिसत होते की ते धुणं म्हणजे पाण्याची नासाडी.

संध्याकाळी फोन आला. "काका, उद्या काकूंना पुढच्या रांगेत बसायला सांगा. पाय धुण्यासाठी."

पूर्वी या बारांत पुरुषच असत. 2016 साली पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला. त्यांच्याविरुद्ध मनात जे आलं, ते लिहायला वही नव्हती.

गुरुवारी ती वाडीतून उशिरा आली आणि नळाखाली पाय धरून तशीच चर्चला निघाली. बाकावरून उठताना चपला काढून तिने माझ्या हातात दिल्या, "धर जरा." पुढे फादर गुडघ्यांवर बसून एकेका पायावर पाणी ओतत होते. मी चपला मांडीवर घेऊन बसलो. डावीचा अंगठा एका टाक्यावर लोंबत होता. तोही तिने स्वतःच घातलेला असावा, दोरा वेगळ्या रंगाचा होता.