पाच फुटांच्या बाईसाठी सायकल: धामणगावी मार्गदर्शिका

सर्वप्रथम, सोबत कोणाला न्यायचं नाही ते ठरवा. नवरा, दीर, मामेभाऊ यांपैकी कोणीही आला, की दुकानदार सायकल त्याच्याच हातात देतो. तो दत्तापूरकडं एक चक्कर मारून येतो आणि जाहीर करतो, "मस्त आहे." उंची त्याची, सायकल तुमची.

निघण्याआधी घरी माप घ्या. चप्पल काढून भिंतीला पाठ लावा, जाडसर वही दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत दाबून धरा आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. पाच फुटांच्या बाईचं हे माप साधारण 70 सेंटिमीटर भरतं. त्याला 0.66 ने गुणलं की 46 सेंटिमीटर, म्हणजे 18 इंच. एवढी तुमची फ्रेम. दुकानात हा आकडा सांगितला, की उत्तर येईल, "मंग छब्बीसची घ्या ना ताई." छब्बीस हे चाकाचं माप. दांड्याच्या काळ्या सायकलला बावीसची म्हणतात, ते मात्र फ्रेमचं. एकाच दुकानात एक सायकल चाकानं ओळखतात, दुसरी फ्रेमनं; गिऱ्हाइकाच्या पायानं एकही नाही.

सरकारचंही तेच. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. घरापासून शाळा किती लांब, हे त्यात बघतात. सीटपासून पायडल किती लांब, हे ज्याचं त्यानं बघावं.

आता लेडीज फ्रेम. दांडा खाली घेतला तो मडमांच्या झग्यासाठी, लुगड्याचंही त्यात भागलं. पण चढता आलं म्हणजे माप जुळलं असं नाही. दुकानदार सीट तळाला नेतो, तुमचे दोन्ही पाय टेकतात, सगळे खूश होतात. मग तीन किलोमीटरवर टोंगळे बोलू लागतात. खरं म्हणजे सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली, की पाय सरळ व्हायला हवा. अशा सीटवरून जमीन लांब राहते. थांबताना पुढं सरकून उतरायचं. कापसाचा ट्रॅक्टर आडवा आल्यावर हे शिकायला वेळ नसतो, म्हणून दुकानासमोरच करून पाहा. लोक बघतील. बघू द्या.

कोपर सीटच्या टोकाला लावा; बोटं हँडलच्या आसपास पोचली पाहिजेत. सरळ हँडलच्या फॅशनेबल सायकली इथंच नापास होतात. हँडल वळवून पायाचा अंगठा पुढच्या मडगार्डला लागतो का, तेही बघा. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनियर बाईनं 1985 मध्ये कंपनी काढली आणि बुटक्या बायकांच्या सायकलला पुढचं चाक मुद्दाम लहान, 24 इंची लावलं. धामणगावात अशी सायकल मागितली, तर दुकानदार आधी पंक्चर तपासेल.

तुमच्या मापाची सायकल बहुधा पोरांच्या रांगेत उभी असते: चोवीसची, गुलाबी, हँडलला झिरमिळ्या. झिरमिळ्या कापता येतात. सीटचा पाइप आखूड वाटला तर लांब बसवून मिळतो, फक्त त्यावरची खुणेची रेघ फ्रेमच्या आतच राहू द्या. "पोट्टीची सायकल घेतली का वो?" असं कोणी विचारलं, तर हो म्हणा आणि पुढं जा.

घरी आल्यावर सीट जिथं बसली तिथं पाइपवर नेलपॉलिशची रेघ मारा. सकाळी रेघ चार बोटं वर दिसली, तर मामेभाऊ मुक्कामी आहे.