बुकिंगचे पैसे भरले नाहीत ना अजून?

काय हो वहिनी, भाऊजी काल शोरूमला जाऊन आले म्हणे! डिझेलचीच घ्यायची म्हणतायत? बुकिंगचे पैसे भरले नसतील तर दोन मिनिटं थांबा, दूध उतू जाणार नाही तुमचं.

पेट्रोल शंभरीपार आणि डिझेल नव्वदच्या आसपास, हेच सांगत असतील ना? आमच्याकडेही हेच रामायण झालं. अहो, लिटरमागे १३-१४ रुपयांचं काय कौतुक! २०१२ साली हाच फरक तिशीच्या घरात होता, तेव्हा डिझेल घेणारा शहाणाच. पण ती सगळी डिझेलवरच्या सरकारी अनुदानाची मेहेरबानी. पुढे महिन्याला पन्नास-पन्नास पैसे वाढवत नेले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये दर मोकळेच सोडले. २०२० च्या जूनमध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलच्या वर गेलं होतं, बोला!

काय म्हणालात? अ‍ॅव्हरेज? देतं की जास्त. आमच्या ह्यांनी लाइटबिलाच्या पाठीवर मांडलाय हिशेब. पेट्रोलची गाडी लिटरला १६ देते, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये. डिझेलची २० देते, म्हणजे साडेचार. वाचले किती, दोन रुपये. आणि गाडी घेतानाच सव्वा-दीड लाख जास्त मोजायचे, वर रोड टॅक्सही जास्त. ते पैसे फिटायला सत्तर-पंचाहत्तर हजार तरी किलोमीटर पळवावी लागेल. तुमची गाडी जाणार कुठं? मंडई, बँक, फार तर महिन्यातून एकदा पुण्याला लेकीकडे. दहा वर्षं जातील हो!

आमच्या धाकट्या दिरांचं ऐकलंत का? घेतली हौसेनं डिझेल. नव्या डिझेल गाड्यांना धुरातली काजळी धरणारा फिल्टर असतो. तो चांगला तापला की काजळी जळून जाते. पण गावातल्या गावात, राजवाडा ते पोवई नाका, तेही दुसऱ्या गिअरमध्ये, तापणार कधी? लागला पिवळा दिवा. मेकॅनिक म्हणाला, हायवेला काढा आणि वीस-पंचवीस मिनिटं सलग पळवा. आता दिवा लागला की जाऊबाई डबा भरून घेतात आणि दोघं हायवेनं पाचवडपर्यंत जाऊन येतात. काम काही नाही, नुसती काजळी जाळायला! डिझेल जळतं ते वेगळंच.

हां, पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, अ‍ॅव्हरेज थोडं पडतं, ते खरंय. त्यात आपल्या उसाचंही असतं म्हणून बोलायचीही सोय नाही. तरी हिशेब फारसा फिरत नाही.

तुमचे मधले भाऊ कोल्हापूर-पुणे सारखे करतात ना? त्यांनी खुशाल डिझेल घ्यावी. भाऊजींना मात्र म्हणावं, पंपावरचा दर राहू दे, आधी जुन्या गाडीचं मीटर बघा. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरही भरत नसतील तर पेट्रोलच घ्या.