लेदर घालून शिव्या देणाऱ्या मर्दगड्यास खुले पत्र

मर्दगड्या,

तुझं नाव मला ठाऊक नाही, पण तू गिगला नेहमी भेटतोस. अंगात काळं लेदर जाकीट, मनगटावर खिळ्यांचा पट्टा, पाठीवर ‘ज्यूडस प्रीस्ट’चा पॅच. स्टेजवरचा पोरगा जरा नाजूक हलला किंवा कुणी काजळ घालून आला, की गर्दीतून पहिली आरोळी तुझी: “ए बायल्या!” अंधारात, चार दोस्तांच्या आडून ओरडायचं, एवढीच तुझी मर्दानगी. म्हणून ज्या कपड्यांच्या जोरावर तू ओरडतोस, ते आले कुठून हे तुला सांगणं भाग आहे.

ज्यूडस प्रीस्ट हा बँड 1969 साली बर्मिंगहॅमलगतच्या वेस्ट ब्रॉमिचमध्ये उभा राहिला. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांचा मुलूख. गायक रॉब हॅलफर्ड शेजारच्या वॉल्सॉलचा, तो 1973 मध्ये आला. तेव्हा या मंडळींच्या अंगावर मखमल आणि साटीन असायचं. 1975 साली बीबीसीच्या ‘द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या कार्यक्रमात हॅलफर्ड गुलाबी झुळझुळीत सदरा घालून गायला. तू त्या रात्री तिथे असतास तर काय ओरडला असतास, ते सांगायला नकोच. पुढच्याच वर्षी याच माणसांनी ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’ हा अल्बम काढला आणि हेवी मेटलला ब्लूजपासून तोडून स्वतःच्या पायावर उभं केलं. त्यासाठी त्यांना खिळ्यांचा पट्टा लागला नाही.

लेदर आलं 1978 च्या सुमारास, ‘किलिंग मशीन’ अल्बमच्या वेळी. स्टेजवर हार्ले-डेव्हिडसन घरघरत येऊ लागली. लेदरची कल्पना आपली होती असं गिटारवादक के. के. डाउनिंग सांगतो. हॅलफर्डने मात्र आपला साज लंडनमधल्या फेटिश कपड्यांच्या दुकानातून आणला. तशी टोपी, तसे बूट, तसे पट्टे समलिंगी पुरुष कितीतरी आधीपासून अभिमानाने घालत होते. लॉस एंजेलिसमध्ये ‘सॅटर्स’ हा त्यांचा मोटरसायकल क्लब 1954 पासूनचा. ‘टॉम ऑफ फिनलंड’ या नावाने चित्रं काढणाऱ्या तौको लाक्सोनेनने हाच वेश घातलेले पुरुष आयुष्यभर रंगवले. आपण समलिंगी असल्याचं सुचवायला मुद्दाम लेदर घातलं ही गोष्ट खोटी आहे, असं हॅलफर्डने ‘कन्फेस’ या 2020 च्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलंय. संगीताला साजेसे कपडे हवे होते, बस. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो. तरी कपड्यांची वंशावळ बदलत नाही, आणि तुझ्या मनगटावरचा पट्टा त्याच घराण्यातला आहे.

आणखी एक ऐक. प्रीस्टच्या आधी, 1973 मध्येच, नखशिखांत लेदर घालून ब्रिटनच्या टीव्हीवर बास वाजवत होती डेट्रॉइटची सूझी क्वाट्रो. एक बाई. तेव्हा हा पुरुषांचा गणवेश आहे असं तुला कुणी सांगितलं?

आता त्या कपड्यांच्या आतल्या माणसाबद्दल. हॅलफर्डचा जन्म 1951 चा. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले गेले 1967 साली, तेही फक्त 21 वर्षांवरच्या पुरुषांसाठी. म्हणजे हा पोरगा वयात आला तेव्हा त्याचं प्रेम गुन्हाच होतं. पुढे कायद्याने सोडलं, पण तू सोडलं नाहीस. आपण खरं बोललो तर चाहते पाठ फिरवतील, बँड बुडेल, या धास्तीने तो वर्षानुवर्षं गप्प राहिला. हजारो लोक त्याच्यासारखे कपडे घालून त्याच्यासमोर मुठी उंचावत होते आणि त्यांच्यापासूनच त्याला लपावं लागत होतं. मला या सगळ्या इतिहासात याइतकं क्रूर काही दिसत नाही. अखेर 1998 साली एमटीव्हीच्या मुलाखतीत त्याने सांगून टाकलं. तेव्हा तो प्रीस्टमध्ये नव्हता. 2003 मध्ये परतला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. म्हणजे बहुतेकांना काही फरक पडत नव्हता. मग इतकी वर्षं त्याचं तोंड कुणी बंद ठेवलं? तुझ्या आरोळीने, आणि ती ऐकून हसणाऱ्यांनी.

खरं तर दिसण्यावरून माणसाला दोषी ठरवणं काय असतं, हे मेटलवाल्याला शिकवायची गरज पडू नये. 1990 साली नेवाडातल्या रीनो शहरात याच बँडला कोर्टात खेचलं होतं. ‘स्टेन्ड क्लास’ अल्बममधल्या गाण्यात दडलेल्या संदेशामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली, असा आरोप होता. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. पण काळे कपडे आणि लांब केस म्हणजे सैतानाची औलाद, असं म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली नाहीत. ते ऐकून तुझंही रक्त उसळतं ना? मग तीच भाषा तू पुढच्या पोराला कोणत्या तोंडाने ऐकवतोस?

2022 साली प्रीस्टला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला, तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या हॅलफर्डने आपण बँडमधला गे माणूस आहोत, अशीच स्वतःची ओळख करून दिली. साऱ्या जगासमोर, लेदर घालूनच.

तुझं जाकीट मी मागत नाही. घाल, अगदी घामाने भिजेपर्यंत घाल. पण पुढच्या गिगला काजळवाला पोरगा स्टेजवर आला आणि तुझा एखादा दोस्त ओरडला, तर त्याला तिथेच, सगळ्यांसमोर गप्प कर. ते जमणार नसेल तर घरी जाऊन पाठीवरचा पॅच उसव.

तुझ्याच गर्दीतला एक