सगोत्र सॉकेट

रविवारी सकाळी भाचा डोंबिवलीला पोचला तेव्हा मामांनी कॉम्प्युटर जुन्या वर्तमानपत्रावर आडवा निजवला होता. बाजूचा पत्रा काढलेला, सगळ्या वायरी उपटलेल्या, आणि मामा हातात विजेरी घेऊन आत डोकावत होते. टेबल देवघराच्या खाली, त्यामुळे नऊ वर्षांच्या उदबत्त्या धुळीसकट आत मुरलेल्या. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत काळा नमदा बसला होता. भाच्याने ब्रश फिरवला तसा चंदनाचा वास सुटला.

"ग्राफिक्स कार्ड बदलायचंय," मामा म्हणाले. "नातू म्हणतो गेम अडखळतो. आरटीएक्स ३०६० घ्यावं म्हणतोय."

"आत्ता कुठलं आहे?"

"१०५० टीआय! त्या वेळचं अगदी ताजं मॉडेल."

हे मशीन म्हणजे मामांचा मानबिंदू. २०१६ साली, नोटाबंदीच्या आदल्या आठवड्यात, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या चार दुकानांतून भाव करत त्यांनी एकेक भाग गोळा केला होता. (रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण त्या नावाने रॅम मागायला कोणी जात नाही.) सगळा व्यवहार पाचशेच्या नोटांत. पुढच्या आठवड्यात बँकेच्या काउंटरवर बसून तसल्याच नोटा मोजून घ्यायची पाळी मामांवर आली, पण मशीन घरात चालू झालं होतं. जोडलं कोणी? मामांनी. स्वतः. ही गोष्ट वास्तुशांतीपासून बारशापर्यंत सगळ्यांनी ऐकली आहे.

"मामा, १०५० टीआय फार तर ७५ वॅट खातं. तेवढी वीज मदरबोर्डच्या खाचेतूनच मिळते. ३०६० ला १७० लागतात, आणि त्यांची वायर थेट एसएमपीएसमधून येते. तुमचा एसएमपीएस कुठला?"

"साडेचारशे वॅटचा. कॅबिनेटबरोबर फुकट मिळाला."

'फुकट' ऐकून भाच्याने क्षणभर डोळे मिटले. मग विजेरी घेऊन डब्यावरचं लेबल वाचलं. साडेचारशे ठळक होते. खाली मुंगीच्या अक्षरांत बारा व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर.

"गुणा."

"एकशे ब्याण्णव." बँकेत जन्म गेला, गुणाकाराला वेळ लागत नाही.

"कार्ड आणि प्रोसेसर, दोघांचं पोट याच बारा व्होल्टवर. १७० अधिक ६५."

"दोनशे पस्तीस." शिल्लक नसलेल्या खात्याचा चेक समोर आल्यासारखे मामा लेबलाकडे बघू लागले. "मग वर साडेचारशे कसे लिहिलेत?"

"लग्नाच्या बायोडेटात पगार लिहितात तसे."

म्हणजे आधी एसएमपीएस. कार्डवाली कंपनीच साडेपाचशे वॅटचा घ्या म्हणते. मग यूपीएस, कारण घरातला ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅटचा. ऐन गेममध्ये लाइट गेली की तो शिट्टी मारून मान टाकणार.

"आणि फ्रीजचं दार तीन महिने नीट लागत नाहीये," स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या. "त्याला किती वॅट लागतात?"

मामांनी विषय बदलला. "बरं, कार्ड राहू दे. प्रोसेसर तरी घेऊ. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला. अकराला इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आपला सहाव्या. आठव्यातला सेकंडहँड मिळतो. सॉकेट तोच, ११५१. मी बघून ठेवलंय."

"सॉकेट तोच आहे, पण इंटेलने मधल्या मधे काही पिनांची कामं बदलली. आठवी पिढी तुमच्या बोर्डात बसेल, चालणार नाही. सगोत्र आहेत, मामा. लग्न होत नाही."

"हल्ली करतात," स्वयंपाकघर.

"करणारे करतात, मामी. बायोसमध्ये फेरफार करून, कुठल्या तरी अनोळखी माणसाने लिहिलेल्या फाइलच्या भरवशावर. पळून जाऊन करावं तसं." भाचा मामांकडे वळला. "त्यापेक्षा थोडं थांबून पुढच्या वर्षी एएमडी घेतला असता, तर २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर २०२२ चा प्रोसेसरसुद्धा चालतो. बायोस तेवढा नवा करायचा."

"दुकानदार म्हणाला इंटेल घ्या."

"त्याच्याकडे इंटेलचा माल पडून असेल."

यावर मामांनी खिशातून हुकमाचा पत्ता काढला: रॅमची पट्टी. "ही तर चालेल? २८८ पिना मोजून घेतल्यात." आणि भाचा पुढे होईपर्यंत त्यांनी ती खाचेवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबलीसुद्धा. मदरबोर्ड पाटासारखा वाकला. भाच्याने त्यांचे हात धरले, पट्टी उचलली आणि जुनीशेजारी धरली. पिना दोन्हीकडे २८८ च, पण मधली खाच जराशी सरकलेली. जुनी डीडीआर४, नवी डीडीआर५.

"जराशी तर आहे. कानस मारली तर?"

"पट्टीही जाईल आणि बोर्डही. परत घेतील का?"

मामांनी बिल उलटं करून दाखवलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. तोही कुठल्या भावाने? एआयवाल्यांच्या डेटा सेंटरकडे मेमरीचा माल वळला आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमने कांद्यासारखा भाव खाल्ला. त्यात ही पट्टी घेतलेली.

भाच्याने सॅकमधून पत्त्यांच्या कॅटएवढी चपटी डबी काढली. पाचशे जीबीची एसएसडी.

"एवढीशी?" मामांनी ती तळहातावर तोलली. "हिला वजनच नाही."

"आत फिरणारं काही नाही, म्हणून. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकड्या आहेत, आणि वर एक दांडी फाइल शोधत हिंडते. एका सेकंदात शंभरेक ठिकाणी पोचली तरी खूप. इथे दांडीच नाही."

नऊ वर्षांच्या मशीनमध्ये पैशाला जागणारा बदल हाच. पण पाहुण्यांना दाखवायचा काय? कार्डाला रंगीत दिवे असतात, एसएसडी पत्र्यामागे गपचूप बसते. तरीही नवऱ्या मुलाने मुंडावळ्या बांधून घ्याव्यात तशा निर्विकारपणे मामांनी ती बसवू दिली. प्रोसेसरवरची चुन्यासारखी खडखडीत झालेली जुनी पेस्ट पुसून नवी लावली गेली. जुनी रॅम जागेवर गेली. तासाभरात पत्रा लागला.

"मॉनिटरची वायर?" भाच्याने विचारलं.

"वरच्या भोकात. माउसच्या शेजारी. नऊ वर्षं तिथेच आहे."

भाचा तिथेच थबकला. वरचं भोक मदरबोर्डचं. कार्डाचं खाली, आडव्या पट्टीत. आणि त्यावर कंपनीने लावलेली प्लास्टिकची टोपी अजून तशीच होती.

"मामा, इथून चित्र येतं ते प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सचं. कार्डाचा त्यात काही संबंध नाही."

"असं कसं? पंखा फिरायचा की त्याचा!"

"पण कार्ड लावल्यावर वरचं भोक बहुतेक बोर्डांत आपोआप बंद होतं..."

"झालंच होतं. पडदा काळाच राहिला. मग मी कार्डच काढलं, बायोसमध्ये शिरलो, एक सेटिंग शोधून चालू केलं आणि कार्ड परत लावलं. रात्रीचे दोन वाजले होते." मामांच्या आवाजात अजूनही तो अभिमान होता.

मामी हात पुसत बाहेर आल्या. "आणि मग नऊ वर्षं ते नुसता वारा खात बसलं?"

भाच्याने टोपी काढली आणि वायर खालच्या भोकात खोचली. मामांनी ती टोपी त्याच्या हातातून घेतली, फुंकर मारून पुसली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"टाकायची नाही हं. पुढेमागे विकायचं झालं, तर 'न वापरलेलं' असं लिहिता येईल."