नेहमीसारखं, पण जरा वेगळं

आमच्या घरात वाक्यं पुरी करायची पद्धत नाही. ‘अगं, त्याचं काय झालं?’ असं विचारलं की स्वयंपाकघरातून ‘उद्या येतो म्हणालाय’ असं उत्तर येतं. तो म्हणजे प्लंबर की गॅसवाला, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही. अशा माणसांच्या आयुष्यात 2022च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि सगळं सविस्तर सांगायची वेळ आली.

आमच्या सोसायटीच्या सचिवांनी त्याला फर्मावलं, ‘पाण्याची टाकी साफ करायची आहे, नोटीस लिही.’ त्यानं लिहिली. पाण्याचं जीवनातलं स्थान, स्वच्छतेचं महत्त्व, सभासदांचे आगाऊ आभार, सगळं आलं. पाणी बंद कधी, तेवढं नव्हतं. असणार कुठून? आधीच्या शब्दांवरून पुढे काय येणं संभवतं, ते पाहत हे यंत्र लिहितं. मोघम सांगितलं की जगातल्या तमाम नोटिशांची सरासरी पदरात पडते.

मग सचिवांनी बैठक मारून लिहिलं : ‘येत्या रविवारी सकाळी 9 ते दुपारी 1 पाणी बंद. दोन बादल्या भरून ठेवायला सांग. चार ओळी पुरेत. निम्मे सभासद ज्येष्ठ नागरिक आहेत, शब्द सोपे वापर. मागच्या वर्षीची नोटीस खाली देतोय, सूर तोच ठेव.’ नोटीस झकास उतरली. ‘याला एवढं सांगण्यापेक्षा मीच लिहिली असती,’ सचिव कुरकुरले. सांगता सांगता त्यांची लिहून झालीच होती, हे मी बोललो नाही. सोसायटीत राहायचंय.

नेमकं सांगायचं म्हणजे पुणेरी पाटी लिहायची, असा एक समज आहे. पाटी नेमकी असते खरी, पण ती काय करू नये तेवढंच सांगते. यंत्राला नुसतं ‘अलंकारिक लिहू नको’ म्हटलं, तर कसं लिहायचं ते अधांतरीच राहतं. हवं तसं एखादं वाक्य नमुन्याला दिलेलं बरं.

काही जण आधी यंत्राला पद बहाल करतात : ‘तू जागतिक कीर्तीचा आहारतज्ज्ञ आहेस.’ सत्कार समारंभांत मुरलेल्या आपल्याला हे सहज जमतं. त्यानं भाषेचा थाट बदलतो. ज्ञान मात्र होतं तेवढंच राहतं.

खरी गंमत गणिताची. टोकियो विद्यापीठ आणि गूगलच्या संशोधकांनी 2022 मध्ये ‘चला, पायरीपायरीनं विचार करू’ अशा अर्थाचं एक इंग्रजी वाक्य उत्तराच्या सुरुवातीला जोडून पाहिलं. अंकगणिताच्या एका चाचणीत बरोबर उत्तरांचं प्रमाण 17.7 टक्क्यांवरून 78.7वर गेलं. ‘नुसतं उत्तर नको, पायऱ्या दाखव, नाहीतर मार्क कापीन’ असं आमचे गणिताचे मास्तर कुठल्याही संशोधनाविना ओरडत असत. आताची बरीच यंत्रं न सांगताही पायऱ्या मांडतात. आम्हाला ते कधीच जमलं नाही.

तेव्हा सांगायचं ते सविस्तर सांगा, आणि ‘माहिती कमी पडली तर आधी विचार’ हेही जोडा. मात्र उत्तरातली नावं, तारखा आणि आकडे स्वतः तपासा. चुकीची तारीखसुद्धा हे यंत्र तितक्याच अदबीनं सांगतं.