गेराल्ड गुरू धुतो

"नाना, गेराल्डचं कळलं का तुम्हाला?"

"कोण गेराल्ड? साठ्यांचा नवा भाडेकरू?"

"अहो नाही हो. जर्मनीतला. गुरूचे फोटो धुतो तो."

कुलकर्णी बाई आणि हर्डीकर नाना यांच्या अंगणांमध्ये छातीइतकी भिंत आहे आणि दोघंही निवृत्त आहेत. गप्पांना एवढं साहित्य पुरतं. बाई हायस्कुलात चित्रकला शिकवायच्या. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला त्यांनी गावातली निम्मी पोरं बसवली, त्यात नानांचे दोन्ही मुलगे आले, म्हणून नानासुद्धा त्यांना बाईच म्हणतात. नाना भूमी अभिलेख खात्यात सर्व्हेअर होते. माझी गॅलरी बरोबर त्या भिंतीच्या डोक्यावर, आणि कपडे वाळत घालायला मला बराच वेळ लागतो.

"धुतो म्हणजे? स्टुडिओ आहे त्याचा?"

"स्टुडिओ कसला, घरीच कॉम्प्युटरवर. गेराल्ड आइशटेट. हाडाचा गणिती. जूनो म्हणून नासाचं यान आहे ना, २०११ला सुटलं आणि २०१६च्या जुलैत गुरूपाशी पोचलं, त्याच्यावर एक कॅमेरा बसवलाय, जूनोकॅम. बाकीची यंत्रं शास्त्रज्ञांची, हा एक लोकांसाठी म्हणून. फोटो खाली आले की कच्चेच्या कच्चे सगळ्यांसमोर ठेवतात. ज्याला हौस असेल त्याने घ्यावेत, धुवावेत, परत आणून लावावेत."

"आणि पगार?"

"पगार नाही. फोटोखाली नाव येतं."

"म्हणजे नासाने एक अख्खं खातं वाचवलं म्हणा की."

"वाचवलंच. कँडिस हॅन्सन म्हणून बाई आहेत कॅमेऱ्याच्या प्रमुख, हाताखाली माणसं मोजकी. पण हे काही लपूनछपून नाही, आधीपासून ठरवून केलेलं. कशाचे फोटो काढायचे यावर सुरुवातीला लोकांचं मतदानसुद्धा घ्यायचे."

"मतदान? मग पॅनेलंही पडली असतील!" नाना खूश झाले. सोसायटीच्या निवडणुकीत ते पडल्याला फार दिवस झालेले नाहीत.

बाईंनी मोबाइल भिंतीवरून पुढे केला. मला वरून फोटो दिसला नाही, नानांचा चेहरा दिसला.

"हे काय, नुसत्या पट्ट्या! छपाई बिघडली का?"

"हाच तो कच्चा माल. यान स्वतःभोवती फिरत असतं, साधारण अर्ध्या मिनिटाला एक फेरा. कॅमेरा त्यालाच पक्का बसवलेला, त्यामुळे एका जागी नजर रोखायची सोयच नाही. समोरून गुरू सरकतो तसा तो १२८ ओळींची एकेक पट्टी घेत जातो. एक निळ्या काचेतून, एक हिरव्या, एक तांबड्या. मिथेनसाठी आणखी एक वेगळी काच आहे. आणि हे सगळं चालू असताना यान गुरूच्या ढगांवर काही हजार किलोमीटरांवरून ताशी दोन लाख किलोमीटरच्या वेगाने पळतंय. एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत दोन तासांत! मग लांब निघून जातं, ते पहिली काही वर्षं ५३ दिवसांनी परत यायचं."

इथे नानांच्या आवाजातली थट्टा गेली. त्यांनी चष्मा पुसला.

"थांबा. म्हणजे प्रत्येक पट्टी वेगळ्या ठिकाणावरून घेतलेली. निळी घेतली तेव्हा यान एका जागी, तांबडी घेतली तेव्हा पुढे गेलेलं. खाली गुरूही फिरतोय."

"दहा तासांत एक फेरा."

"मग नुसत्या शेजारी शेजारी चिकटवून कसं चालेल? जुळणारच नाहीत. आधी प्रत्येक पट्टीची जागा काढायला पाहिजे, कुठून घेतली, कुठल्या कोनात. मग गोलावर बसवायची आणि तिथून परत कागदावर उतरवायची. बाई, ही चित्रकला नाही. ही मोजणी आहे."

"म्हणून तर गणिती लागला. गेराल्डने त्यासाठी स्वतःची प्रणाली लिहिली. मग त्याला जोडीदार मिळाला, शॉन डोरन, ब्रिटनमधला चित्रकार. गेराल्ड जुळणी करून द्यायचा आणि शॉन त्यात प्राण ओतायचा. दोघांची नावं लागोपाठ येतात फोटोखाली."

"पहिलं कोणाचं?"

"गेराल्डचं."

"बरोबर आहे. मोजणी आधी."

आतून सुमनवहिनींनी मोटर बंद करायला सांगितली. नाना "हो हो" म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

"पण एक सांगा बाई, तुमच्या नातवाने दाखवलेला गुरू निळाजांभळा होता, केशरी भोवरे होते. दुर्बिणीतून मी एकदा पाहिलाय, तो असा नव्हता."

"नाहीच. नुसत्या डोळ्यांना तो फिकट, मातकट, थोडे तपकिरी पट्टे."

"मग हे खोटं!"

मी टोपलीतला शेवटचा शर्ट परत टोपलीत टाकला. हा प्रश्न मलाही पडला होता.

"खोटं नाही, ताणलेलं. दोन ढगांच्या रंगात जेमतेम फरक असतो, तो वाढवून दाखवतात. नसलेला भोवरा कुणी काढला तर ते खोटं."

"ताणायचा अधिकार कुणी दिला?"

"तुम्ही कधी काही ताणलं नाहीत नकाशात?"

नाना गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "छेद काढताना ताणायचो. ओढ्याचा छेद काढायचा तर आडवं प्रमाण एक आणि उभं त्याच्या कितीतरी पट. नाहीतर मैलभर ओढ्याला चार फुटांचा उतार, तो कागदावर दिसणार कसा? पण कोपऱ्यात दोन्ही प्रमाणं लिहायचो. न लिहिलं तर साहेब कागद परत पाठवायचे."

"तेच! चांगली माणसं लिहितात. आइसलँडमध्ये ब्योर्न योनसन म्हणून आहे, तो एकाच जागेची दोन चित्रं करतो. एक शक्य तितकं खऱ्या रंगाचं, एक उठाव दिलेलं, आणि कुठलं कोणतं ते सांगतो. मला तो फार आवडतो. बाकी काही जण इतकं भडक करतात की मी एलिमेंटरीला क श्रेणीसुद्धा दिली नसती."

नावं घ्यायला लावली असती तर बाईंनी घेतली असती. नानांनी विचारलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

"आणि रंग भरण्याचं म्हणाल तर," बाई पुढे म्हणाल्या, "नासावाल्यांनी स्वतःच हाताने भरलेत. १९६५ साली मरीनर ४ मंगळाजवळून गेलं. फोटो आकड्यांच्या रूपात येत होते आणि कॉम्प्युटर त्याचं चित्र करायला वेळ लावत होता. रिचर्ड ग्रम नावाच्या इंजिनिअरला दम निघेना. त्याने आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या भिंतीवर शेजारी शेजारी लावल्या आणि रंगांच्या दुकानातून पेस्टल आणून आकड्यांप्रमाणे रंगवायला घेतलं, पिवळा, तांबूस, तपकिरी. जवळून घेतलेलं मंगळाचं पहिलं चित्र लोकांनी पाहिलं ते हे. अजून जपून ठेवलंय."

"खडूने! आणि साहेब रागावले नाहीत?"

"फ्रेम करून साहेबांनाच दिलं."

इथून बाईंची गाडी घसरली ती माणसांवर. कोण काय करतो, पोटापाण्याचं काय, सगळं. केव्हिन गिल नासाच्याच एका प्रयोगशाळेत सॉफ्टवेअर लिहितो आणि घरी येऊन हौस म्हणून परत नासाचेच फोटो धुतो ("बायको काय म्हणत असेल?" – नाना). जेसन मेजर ऱ्होड आयलंडमधला ग्राफिक डिझायनर. १० जुलै २०१७ला जूनो गुरूच्या लाल डागावरून नऊ हजार किलोमीटर उंचीने गेलं, तेव्हा दोन दिवसांत नासाने जे फोटो प्रसिद्ध केले त्यांत जेसन, केव्हिन आणि गेराल्ड या तिघांची कामं होती. टेनेसीमधला टेड स्ट्रिक तत्त्वज्ञान शिकवतो. तो नवे फोटो सोडून जुन्यांच्या मागे लागला. व्हॉयेजर २ १९८६ साली युरेनसजवळून गेलं होतं, तेव्हाचे फोटो त्याने पुन्हा उकरून काढले आणि तिथल्या चंद्रांच्या अंधाऱ्या बाजूवरचं काहीबाही त्यांतून वर आणलं.

"अंधारात फोटो कसा निघाला?"

"युरेनसचा उजेड पडतो ना त्यांच्यावर. अगदी मंद. फोटोत तो पहिल्यापासून होता, कुणी बघितलंच नव्हतं."

"दप्तरात असतंच सगळं," नाना म्हणाले. "काढून बघणारा पाहिजे."

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली मोठी गोष्ट हीच आहे. फोटो सुंदर करणारे पुष्कळ भेटतील. दप्तर उघडं ठेवणारं खातं आणि ते उघडून बसणारा माणूस, ही जोडी दुर्मीळ. नासाने २००४ साली मंगळावरच्या दोन गाड्यांचे कच्चे फोटो येतील तसे सगळ्यांसाठी खुले केले, तेव्हापासून ही मंडळी फोफावली. डग एलिसन नावाचा एक ब्रिटिश गृहस्थ त्या वेळी हौसेने मंगळ जोडत बसायचा. पुढे तो नासाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला आणि क्युरिऑसिटी गाडीच्या कॅमेऱ्यांचं काम बघू लागला.

"आपल्याकडे कुणी आहे का यात?" नानांनी विचारलं.

"आहे की. चेन्नईचा षण्मुग सुब्रमण्यन. आपलं विक्रम लँडर २०१९च्या सप्टेंबरात चंद्रावर आदळलं, आठवतंय? चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने त्या भागाचे फोटो काढून खुले केले. या इंजिनिअरने आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून एकेक ठिपका तपासला. आधी नव्हता असा एक पांढरा ठिपका सापडला. कळवलं त्यांना. त्यांनी ताडून पाहिलं आणि डिसेंबरात जाहीर केलं, हा अवशेष याने शोधला. तिथूनच मग बाकीचे तुकडे सापडत गेले. फोटोवर त्याने शोधलेल्या ठिपक्याला एस असं अक्षर दिलंय, त्याच्या नावाचं."

"हद्दीचा दगड शोधला म्हणा त्याने," नाना म्हणाले. "एक दगड सापडला की मग अख्खी मोजणी बसते."

"आणि स्पेनचा तो, यासिंत रोजेर. रोझेटा यान एका धूमकेतूजवळ राहिलं होतं ना दोन वर्षं, त्याचे फोटो एकामागे एक लावून त्याने २०१८ला छोटी चित्रफीत केली. कडा, आणि त्यावर बर्फ पडतोय. जगभर फिरली."

"धूमकेतूवर बर्फ पडतो?"

"अंहं. मागे सरकणारे तारे, थोडी धूळ, आणि कॅमेऱ्यावर आदळणारे वैश्विक किरण. बघताना मात्र हिमवर्षाव."

नाना जरा हिरमुसले. त्यांना बर्फ हवा होता.

"कॅमेऱ्यावर आदळतात म्हणता, मग तो गुरूचा कॅमेरा कसा टिकलाय? तिथे तर फार म्हणतात किरणोत्सार."

"तेच सांगायला गेराल्डपासून सुरुवात केली होती! तो जेमतेम आठेक फेऱ्या टिकेल असं धरलं होतं. टिकला कितीतरी जास्त. पण सत्तेचाळिसाव्या फेरीपासून फोटो बिघडायला लागले. दुरुस्ती करणार कोण, कोट्यवधी किलोमीटरांवर? मग यांनी त्याला शेक दिला."

"शेक?"

"खरंच. आतला हीटर लावून २५ अंशांपर्यंत तापवला. एरवी तो बराच थंड असतो. सूक्ष्म पातळीवर पदार्थाची घडी परत बसेल, एवढ्याच आशेवर. बसली! पुढे पुन्हा बिघडला. तेव्हा २०२३चा डिसेंबर, आणि ३० तारखेला आयो या ज्वालामुखींच्या चंद्राजवळून दीड हजार किलोमीटरवरून जायचं होतं. फोटो नुसत्या रेघा आणि ठिपके. शेवटी हीटर होता तेवढा पूर्ण लावला. पहिले काही दिवस फरक नाही. आयो जवळ येतोय, फरक नाही. आणि मग एकदम सुधारला. त्या दिवशीचे फोटो जवळजवळ नव्या कॅमेऱ्याचे. डोंगर दिसले, त्यांवर सल्फर डायऑक्साइडचं दहिवर, आधी नोंदच नसलेले ज्वालामुखी."

"वा! आमच्या सुमनच्या गुडघ्याला हेच सांगतोय मी."

"मोटर!" आतून आवाज आला. पाणी एव्हाना टाकीतून वाहून माझ्या भिंतीवरून ओघळत होतं. मी काही बोलले नाही.

मोटर बंद करून नाना परत आले ते मोबाइल घेऊनच. "हा बघा, हा पण त्यांचाच का?"

निळ्या गुरूवर पिवळ्या अक्षरांत शुभ सकाळ, खाली दोन गुलाबाची फुलं.

"हा गेराल्ड आणि शॉनचा," बाई म्हणाल्या. "नावं कुठायत?"

"नावं नव्हतीच. मला असाच आला."

"कुणीतरी कापली. माणूस रात्र रात्र बसतो, पैसा घेत नाही, मागतो काय तर कोपऱ्यात एक नाव. तेवढंही कापायचं आणि वर गुलाब चिकटवायचे!"

बाई खऱ्या संतापल्या होत्या. नानांनी मुकाट्याने ग्रुपवर टाकलं, वरील फोटो आइशटेट व डोरन यांचा आहे, कृपया नोंद घ्यावी. खाली लगेच चार अंगठे आणि एक हात जोडलेले आले.

"बाई," जरा वेळाने नाना म्हणाले, "त्या पट्ट्या मला पाठवता येतील का? जुळणीचं बघतो मी. जमेलसं वाटतंय. रंगाचं तुम्ही बघा."

"मी सांगणारच होते. पण आधी ठरवून घेऊ, नाव कुणाचं पहिलं."

"मोजणी आधी. तुम्हीच म्हणालात."

"मी नाही, तुम्ही म्हणालात. आपण सरळ वर्णानुक्रमे लावू."

"वर्णानुक्रमे? तुमचं कुलकर्णी आणि माझं हर्डीकर!"

"म्हणून तर."